तिचं नाव कापलं गेलं नव्हतं

ही हकीकत सांगायचं मी दीड-दोन वर्षं टाळत आलो. टाळणं सोपं होतं, कारण हीच हकीकत दुसरे लोक माझ्यासाठी सांगत होते, आणि त्यांच्या तोंडून ती माझ्या फायद्याची होती. माझ्या बायकोचं नाव मतदारयादीतून कापलं गेलं, मी म्हातारपणी सरकारी कचेरीचे उंबरे झिजवून ते परत आणलं, आणि तिला खुर्चीत बसवून मतदानाला नेलं. आमच्या इमारतीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. माझी मुलगी ती सासरच्या माणसांना सांगते. बायकोच्या तेराव्याला एका शेजाऱ्याने उभं राहून सांगितली आणि शेवटी म्हणाला, "नवरा असावा तर असा." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला भरून आलं.

त्या गोष्टीतलं खुर्चीचं तेवढं खरं आहे. नाव कधीच कापलं गेलं नव्हतं.

आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहतो. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लग्न झालं तेव्हा आम्ही भटवाडीच्या चढावर एका खोलीत होतो, माझे वडील गिरणीत आणि मी भांडुपला रंगाच्या कारखान्यात स्टोअरला. बायको मालवणजवळची. मुंबईत येऊन ती इथली मराठी बोलायला शिकली, पण राग आला किंवा आनंद झाला की तिची मालवणी बाहेर पडायची. त्यावरून घरात मला हवामान कळायचं.

लग्नानंतर पहिली निवडणूक आली तेव्हा वडिलांनी घरातल्या सगळ्यांना कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते सांगून ठेवलं. त्या काळी असंच चालायचं. चाळीतल्या मंडळाचं ठरायचं, मंडळाचं ते घराचं, आणि घराचं ते सुनेचं. मी तिला आदल्या दिवशी कागदावर चिन्ह काढून दाखवलं. तिने मान डोलावली. केंद्रावर एका अधिकाऱ्याने तिला मतपत्रिका देताना सांगितलं असावं, बाई, कोणाला दाखवायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. तो हे दिवसभर सगळ्यांनाच सांगत असणार. हिने ते आयुष्यभरासाठी घेतलं.

परतताना मी विचारलं, "मारलास ना बरोबर?"

"मारलंय."

"कुठे?"

"कागदावर."

मला वाटलं थट्टा करते आहे. घरी वडिलांनी विचारलं तेव्हा तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय, सांगायचं नाही." वडिलांनी पेपर उघडला. मी मात्र दोन दिवस फुगून बसलो होतो.

त्यानंतर दर निवडणुकीला हेच. मी कधी गोडीने विचारलं, कधी चिडून, कधी पैज लावून. एकदा तर मी स्वतः कोणाला दिलं ते आधी सांगितलं, म्हणजे तिला सांगावं लागेल. ती म्हणाली, "तुम्ही फुटलात, म्हणून मी फुटू?" वडील गेले, आम्ही पंतनगरात आलो, शिक्क्याऐवजी बटण आलं, मुलीचं लग्न झालं. तिने काही सांगितलं नाही. घरात तिच्या मालकीचं फारसं काही नव्हतं. पगार माझा, घर माझ्या नावावर, आडनाव माझं. हे एकच तिचं स्वतःचं होतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

तिची आणखी एक पद्धत होती. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागल्याशिवाय ती चूल पेटवायची नाही. गॅस आला तरी म्हणायची चूलच. चहासुद्धा नाही. "आधी तिकडचं, मग पोटाचं." त्यामुळे आम्ही इमारतीत सगळ्यांच्या आधी तयार. मला सकाळचा चहा लागतो, म्हणून मी तिला घाई करायचो, आणि लोकांना वाटायचं काय उत्साही जोडपं आहे. सात वाजता पालिकेच्या शाळेच्या फाटकाशी आम्ही उभे. मत दिलं की येताना ती बटाटे घ्यायची आणि घरी भाजी-पुरी करायची. सणासारखं.

मग तिला झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, डोकं शाबूत राहिलं, पण डावा पाय आणि हात कामातून गेले. घरात धरून धरून न्हाणीपर्यंत जायची. तिसऱ्या मजल्यावरून उतरणं बंद झालं.

पहिल्यांदा तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं तेव्हा इमारतीतल्या चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली आणलं. तळमजल्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक जण आहे, तो पुढे होता. ही चाळिशीतली माणसं, पण मी त्यांना पोरं असताना पाहिलेलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो तेव्हा जिन्याखालचा त्यांचा कॅरम मी कुलपात ठेवला होता. आवारात क्रिकेट बंद केलं होतं. बॉल जप्त करून माझ्या माळ्यावर टाकायचो. आता तीच पोरं माझ्या बायकोला उचलत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय कडकन वाजला. ही ओरडली, "अरे मेल्यांनो, सांभाळा! मी काय गणपती नाय विसर्जनाक!" सगळे हसले. तो दुकानवाला म्हणाला, "काका, पुढच्या वेळी क्रेनच मागवू या." थट्टाच होती. ती स्वतः सगळ्यांत जोरात हसली. माझ्या मात्र ते मनात रुतलं. मला वाटलं, हे कॅरमचं उट्टं काढतायत. मी ठरवलं, आता हॉस्पिटलशिवाय कोणापुढे तोंड वेंगाडायचं नाही.

लोकसभेची निवडणूक आली ती मे महिन्यात. हिने एप्रिलपासूनच सुरू केलं. "त्या मुलांना सांगून ठेवलंत का? सकाळी लवकर म्हणावं, ऊन व्हायच्या आत." मी म्हणायचो, सांगतो. रोज जिना उतरताना त्या दुकानापुढून जायचो आणि रोज वाटायचं, उद्या सांगू. एके दिवशी धीर करून थांबलो. तो फोनवर बोलत होता. माझ्याकडे बघून त्याने हात वर केला, थांबा असा. मी क्षणभर थांबलो आणि चालू लागलो. मला वाटलं, मुद्दाम उभं करतोय. आता कळतं, तो गिऱ्हाइकाशी बोलत होता, एवढंच.

त्याच दुपारी मतदारयादीच्या कामावर असलेल्या बाई चिठ्ठ्या वाटायला वर आल्या. शाळेत शिकवणाऱ्या बाई, घामाघूम झालेल्या. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी दोन चिठ्ठ्या दिल्या, एक माझी, एक हिची, आणि पुढच्या दारावर गेल्या. मी दार लावलं.

आतून हिने विचारलं, "आल्या का चिठ्ठ्या?"

"आली. माझी."

"आणि माझी?"

"तुझं नाव नाही म्हणाल्या यादीत."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मला हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण तसंच झालं. खुर्ची नको, दुकान नको, कोणाचे उपकार नकोत. तिची चिठ्ठी मी खिशात घातली आणि संध्याकाळी भाजी आणायला गेलो तेव्हा मार्केटजवळच्या कचराकुंडीत टाकली.

तिने माझी चिठ्ठी मागून घेतली आणि उलटसुलट बघितली. मग म्हणाली, "मी मेलंय म्हणान लिवल्यानी की काय?"

"तसं काही नसतं गं. चुका होतात."

"तुमचा आसा मा?"

"आहे."

"मगे तुमी तरी जावा."

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, की एवढ्या वर्षांच्या मतदार काकू, त्यांचं नाव गायब. मग प्रत्येकाला आपल्या ओळखीतलं एकेक कापलेलं नाव आठवलं. लोक भेटायला आले, जसे आजारपणात येतात. एक शेजारीण हिला म्हणाली, "काकू, तुम्ही आता कागदोपत्री भूत. मिरवा." ही हसली. मुलीचा बोरिवलीहून फोन आला. तिने माझ्याकडे आईच्या मतदार कार्डाचा नंबर मागितला, ऑनलाइन बघते म्हणाली. मी म्हटलं, "मी बघितलं सगळं, नाही आहे. तू ऑफिस सोडून ह्यात पडू नको." तिने विश्वास ठेवला. बापावर का ठेवणार नाही? आणि त्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या बाईंना लोक पाठीमागे बोलले, घरात बसून याद्या करतात म्हणून. त्या तर माझ्या दारात उभ्या राहून दोन्ही चिठ्ठ्या माझ्या हातात देऊन गेल्या होत्या. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहितो. निदान त्यांच्यावरचा आळ तरी जावा.

मतदानाच्या दिवशी मी उठलो तर ही बिछान्यात बसलेली. शेजारणीला आदल्या दिवशी सांगून तिने साडी काढून ठेवली होती, एका हाताने कशीबशी गुंडाळली होती. केस विंचरलेले.

"कुठे निघालीस?"

"खय नाय. पण समजा कोणी येऊन सांगितलं, बाई, सापडलं तुमचं नाव, तर मग काय गाऊनवर जाऊ?"

मी शाळेत गेलो. रांग फाटकाबाहेर गेली होती आणि हलत नव्हती. ऊन असं की पुढच्या माणसाच्या सावलीत उभं राहावं लागत होतं. कोणी म्हणत होतं मशीन बंद पडलं, कोणी म्हणत होतं मुद्दाम हळू चालवतायत. एक जण रांग सोडून घरी गेला. माझ्या मागे एक म्हातारी सुनेचा हात धरून उभी होती. तिला पोलिसाने रांगेतून काढून थेट आत नेलं. आत चाकांची खुर्ची होती, उतार केलेला होता, दोन विद्यार्थी मदतीला ठेवले होते. म्हणजे फाटकापासून पुढची सगळी सोय होती. अडचण होती ती फक्त माझ्या जिन्याची. आणि जिन्याचीही नव्हती.

मत देऊन मी येताना कोपऱ्यावर वडापाव खाल्ला आणि घरी गेलो. तिने माझं बोट हातात घेऊन बघितलं, पुसलं जातं का ते अंगठ्याने घासून बघितलं. "बरी लावलीय," म्हणाली.

"आता चहा करतो."

"माका नको."

"का?"

"सहा वाजूंदे."

मतदान सहाला संपणार होतं. तिला शाई लागली नव्हती, म्हणून तिची चूल बंद होती. मी खूप सांगितलं, औषधं घ्यायची आहेत, रिकाम्या पोटी चालणार नाहीत. तिने औषधं पाण्याबरोबर घेतली. टीव्ही लावून बसली. बातम्यांत सारखं सांगत होते, मुंबईत मतदान कमी, मुंबईकर बाहेरच पडत नाहीत, सुट्टीला गावाला गेले. ती टीव्हीशी भांडत होती. "नावा तुम्ही कापतास आणि वर आमकाच बोलतास!" मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. दुकानवाला आणि त्याचे मित्र खाली बाकावर बसले होते, दुकान बंद होतं, त्यांना दिवसभर काही काम नव्हतं. सहा वाजले तेव्हा ती म्हणाली, "ठेवा आता." मी चहा ठेवला.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर कदाचित मी तिला कधीतरी सांगूनही टाकलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून तिने धोशा लावला, कचेरीत जा, अर्ज करा, पुढच्या वेळेला नाव पाहिजे. म्हणून मी जायला लागलो. म्हणजे घरातून निघायला लागलो. खरं तर मी वाचनालयात जाऊन पेपर वाचत बसायचो, आणि परतताना तिला सांगण्यासाठी काहीतरी जुळवायचो. साहेब जागेवर नव्हते. सर्व्हर डाउन होता. फोटो चालत नाही म्हणाले. तिला नुसतं एवढं पुरायचं नाही, तिला माणूस लागायचा. म्हणून मी एक कारकून तयार केला, जाड चष्म्याचा, सारखा पान खाणारा. तिला तो फार आवडला, म्हणजे शिव्या द्यायला.

"तो चष्मेवालो आज होतो?"

"होता. म्हणाला पुढच्या आठवड्यात या."

"मेल्याचा वाटोळा होवंदे. बायको बरी करून वाढत नसतली, म्हणान पान खाता."

एकदा मी सांगितलं, त्याच्या मुलीचं लग्न आहे, रजेवर आहे. तिने शिवी अर्ध्यात सोडली आणि म्हणाली, "बरं, मग असूदे. मुलीचं लग्न आहे तर." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नसलेल्या माणसालाही ती सवलत देत होती.

पावसाळा गेला, दिवाळी आली, विधानसभेची निवडणूक लागली. ती आता रोज विचारत नव्हती. दिवसाआड माझ्याकडे नुसती बघायची. एका सकाळी म्हणाली, "यंदाही नसलं तर राहूदे. तुमचे पाय दुखतात. उगाच किती फिरणार?" मला ते सहन झालं नाही. मी चपला घातल्या, खाली गेलो आणि दुकानात शिरलो. तो एका फोनचं मागचं झाकण उघडत होता.

मी म्हटलं, "एक काम होतं."

"बोला ना काका."

"काकूला मतदानाला न्यायचं आहे. खाली उतरवायला…"

"एवढंच ना? चौघं आहोतच आपण. किती वाजता?" मग तो थांबला. "अरे, काकूंचं नाव आलं? झकास! मे महिन्यात यार फार वाईट वाटलं होतं. आम्ही सगळे त्या दिवशी इथेच बसून होतो, बोललो पण, काकू असत्या तर नेलं असतं."

"हो," मी म्हटलं. "आलं नाव."

"तुम्ही पण ना काका, कमाल केलीत. ह्या वयात."

मी वर आलो. तिला सांगितलं, नाव आलं. तिने आधी विश्वास ठेवला नाही. मग उजव्या हाताने माझा दंड घट्ट धरला आणि रडायला लागली. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तिने मुलीला फोन केला, भावाला गावी फोन केला, शेजारणीला बोलावून घेतलं. सगळ्यांना एकच. "ह्यांनी सोडला नाय त्या चष्मेवाल्याक. खेटे घालून घालून घेतला." तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. पण शेजारीण बसली होती, आणि शेजारीण गेल्यावर हिचा चेहरा इतका खुलला होता की मी स्वतःला समजावलं, मतदान होऊन जाऊ दे, मग सांगू.

मतदानाच्या दिवशी चौघं सातच्या आत आले. ह्या वेळी लाकडी खुर्ची आणली होती, तिला दोऱ्या बांधल्या होत्या. उतरताना ती सूचना देत होती, डावीकडून, अरे डावीकडून, तुझा डावा नाही माझा. खाली दुकानवाल्याने रिक्षा उभी करून ठेवली होती. शाळेच्या फाटकाशी चाकांची खुर्ची आली. मी मागे मागे.

आत पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने तिचं कार्ड बघितलं, यादीत बोट फिरवलं आणि तिचं नाव मोठ्याने वाचलं, जसं सगळ्यांचं वाचतात.

ती म्हणाली, "परत एकदा वाचा ना."

त्याला वाटलं काही चुकलं. "का मावशी, बरोबर नाही का?"

"बरोबर आहे. म्हणूनच."

त्याने परत वाचलं. दुसऱ्या टेबलावर शाई लावायला डावा हात लागतो. तिचा तो हात उचलत नव्हता. तिथल्या बाईंनी उठून तो हातात घेतला आणि सावकाश शाई लावली. मग विचारलं, "आत सोबत कोणाला घ्यायचं आहे का? मिस्टरांना?"

"ह्यांना?" ती म्हणाली. "ह्यांच्यापासूनच तर लपवायचं असतं!"

खोलीतले सगळे हसले, उमेदवारांचे एजंटसुद्धा. खुर्ची पुठ्ठ्याच्या आडोशामागे नेली. लांब बीप वाजला. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला भटवाडीच्या दिवसांतला दिसला. बस, एवढंच मी म्हणेन.

परतताना बटाटे मी घेतले. पुऱ्या शेजारणीने लाटून दिल्या. चौघांना वर बोलावून जेवायला घातलं. दुकानवाल्याने माझ्या माळ्याकडे बघून विचारलं, "काका, आमचे बॉल अजून आहेत का वर?" मी हो म्हटलं, आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो.

ते गेल्यावर ती पलंगावर पडली होती. मला म्हणाली, "जरा बसा हकडे."

मी बसलो.

"आज सांगतंय."

"काय?"

"कोणाक दिलंय ता."

मी म्हटलं, "कशाला? एवढी वर्षं नाही सांगितलंस."

"तुम्ही माझ्यासाठी एवढे खेटे घातलात. माझ्याकडे द्यायला दुसरं काय आहे?"

आणि तिने सांगितलं. त्या दिवशीचं सांगून ती थांबली नाही. मागे जात राहिली, एकेक निवडणूक, पार त्या पहिल्या शिक्क्यापर्यंत, जो मी कागदावर काढून दाखवला होता. तिला सगळं आठवत होतं, का दिलं तेही. एका ठिकाणी मला हसू आलं, एक-दोन ठिकाणी पूर्वीचा मी असतो तर रागावलो असतो. एका उमेदवाराला तिने फक्त एवढ्यासाठी मत दिलं होतं की आमच्या चाळीतला नळ दुरुस्त होईपर्यंत तो स्वतः तिथे उभा होता. बाकीचं मी इथे लिहिणार नाही. ते तिने मला दिलं होतं, आणि ज्या कारणासाठी दिलं ते कारण खोटं होतं, त्यामुळे ते माझं नाही.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "कोणाक सांगू नकात हां."

ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, ती माझ्याकडे बघत होती, तिच्या मनात माझ्याबद्दल कधी नव्हता एवढा लोभ होता. मला वाटलं, आता बोललो तर हा जाईल. तो लोभ मला हवा होता. मी म्हटलं, "नाही सांगणार." आणि तिच्या अंगावर चादर ओढली.

पुढच्या पावसात तिला दुसरा झटका आला. राजावाडीजवळच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. पहिले काही दिवस ती शुद्धीवर होती, बोलणं जड झालं होतं पण कळायचं. मी रोज दुपारी तिच्याजवळ बसायचो. रोज घरून निघताना वाक्य जुळवायचो, पायऱ्या उतरताना पुटपुटत जायचो. अशा गोष्टींत नेमकी नर्स येते, फोन वाजतो, असं लोक सांगतात. तसं काही झालं नाही. नर्स आली नाही, फोन वाजला नाही. शेजारचा पलंग रिकामा होता. ती जागी होती आणि एका दुपारी तिने स्वतःच विचारलं, "काय ता? काय सांगूक व्हया तुमका?" चाळीस-पन्नास वर्षांचा संसार, माझा चेहरा तिला वाचता येत होता.

मी म्हटलं, "उद्या पेज आणू का? मऊ करून."

ती म्हणाली, "आणा."

पेज नेली. दोन चमचे घेतली तिने. त्यानंतर ती बोलली नाही.

आता ह्या वर्षी महापालिकेची निवडणूक झाली. मी एकटा गेलो, चहा न घेता. दुकानवाला फाटकाशी भेटला, त्याच्या दोन मित्रांना माझी ओळख करून देत म्हणाला, हेच ते काका. मुलगी संध्याकाळी फोनवर म्हणाली, आईची आठवण आली, बाबा, तुम्ही तिच्यासाठी केलंत ते कोणी करत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मुलगी वाचेल, इमारतीतले वाचतील. चष्मेवाला कारकून कधी नव्हता. त्या चिठ्ठ्यांच्या बाईंची काही चूक नव्हती. तुमच्या काकूंना मे महिन्यात घरी मी बसवलं, कारण मला चार माणसांना एक शब्द विचारायची लाज वाटली.

आणि तिच्यासाठी जे वाक्य मी रोज जिन्यावर जुळवत होतो, ते मराठीत जमायचं नाही, तिच्याच बोलीत यायचं. माका माफ कर गे. तुझा नाव होता. सगळ्या टायमाक होता, मीच खोटा बोललंय.